बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग : स्वयंपाकघरातील प्रकल्प नोंदी

१९ जानेवारी २०२५

पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या बाजूला असलेल्या आमच्या गृहसंस्थेत वापराचे पाणी बोअरचे येते. ते कमी पडले की टँकर मागवला जातो, आणि तो टँकरही बहुधा आसपासच्याच एखाद्या विहिरीवर भरलेला असतो. पाणी दिसायला स्वच्छ असते, त्याला वास नसतो. परंतु ते जिथे जिथे वाळते तिथे पांढरी कड सोडून जाते. नवे पेले काही महिन्यांत धुरकट होतात, विजेच्या किटलीच्या तळाशी खरखरीत पापुद्रा धरतो, सिंकच्या नळाभोवती चुन्यासारखे कडे तयार होते आणि घासून रोळीत निथळत ठेवलेली ताटे वाळल्यावर पुन्हा घासावीशी वाटतात. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचे यावर स्वतःचे मत आहे: "दादा, ताटं पांढरी पडतात ती तुमच्या पाण्यानं, माझ्या हातानं नाही." त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि या कामाची सुरुवात तिथूनच करणे योग्य होईल.

स्वयंपाकघरातील वस्तू एकेक करून हातात घ्यावी, तिच्यावरचा थर नेमका कशाचा आहे हे आधी ठरवावे, आणि मगच त्यावर काय लावायचे ते ठरवावे, अशी या प्रकल्पाची आखणी आहे. वर वर पाहता सगळेच डाग पांढरे दिसत असले तरी ते एका जातीचे नसतात. तापवलेल्या किंवा वाळलेल्या पाण्यातून उतरलेला कॅल्शियम कार्बोनेट हा एक प्रकार झाला. साबण आणि पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम यांच्या संयोगाने होणारा चिकट मळ हा दुसरा. पाण्यात विरघळलेल्या सिलिकेचा पातळ, काचेसारखाच कडक थर हा तिसरा. शिवाय ज्याला आपण डाग म्हणतो तो कधी कधी डाग नसतोच, तर मूळ पृष्ठभागच खरवडला किंवा खाल्ला गेलेला असतो. पहिला आंबटाने जातो, दुसऱ्याला आधी साबण आणि नंतर आंबट लागते, तिसरा घरच्या उपायांना सहसा दाद देत नाही, आणि चौथ्यावर काहीही लावले तरी वेळ आणि लिंबू दोन्ही वाया जातात.

२३ जानेवारी २०२५

थेंब मोजून पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण, तपासण्याचा साधा संच मागवला होता, तो आला. ठरावीक पाण्यात आधी एक द्राव आणि रंगाचा कण टाकायचा, पाणी वाइनसारखे तांबडे होते. मग दुसऱ्या बाटलीतील द्रावाचा एकेक थेंब घालत जायचे, आणि तांबडा रंग पूर्ण जाऊन निळा आला की थेंबांच्या संख्येवरून कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात कठीणपणा कळतो. रंग एकदम बदलत नाही, मध्ये जांभळ्याची एक पायरी असते आणि तिथेच थांबण्याचा मोह होतो. पांढऱ्या कागदावर बाटली धरून पाहिले तर फसगत टळते. नळाचे पाणी लिटरला साधारण सव्वाचारशे मिलिग्रॅम भरले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले जाते. म्हणजे आमचे पाणी मानकाच्या चौकटीत बसते. भांड्यांच्या मानाने मात्र ते जडच म्हणावे लागेल.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. हातात मावणारा टीडीएस मीटर पाण्यात बुडवून जो आकडा मिळतो तो कठीणपणाचा नसतो. त्यात मिठापासून सगळे विरघळलेले क्षार धरलेले असतात. एखाद्या पाण्याचा टीडीएस मोठा आणि कठीणपणा कमी असू शकतो. शेजारच्या घरोघरी हा मीटर आहे आणि त्याच्या आकड्यावरून भांड्यांच्या डागांचे निदान केले जाते, ते टाळलेले बरे.

हे क्षार येतात कुठून, याचे उत्तर पायाखालीच आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्टने व्यापलेला आहे. या खडकातील खनिजांमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि खडकाच्या भेगांतून हळूहळू झिरपताना ही द्रव्ये बायकार्बोनेटच्या रूपात विरघळवून आणते. तेच पाणी किटलीत तापले किंवा ताटावर वाळले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारा कार्बोनेट मागे राहतो. उकळून निघून जाणारा हा कठीणपणा तात्पुरता. सल्फेट आणि क्लोराइड यांच्यामुळे येणारा कायमचा, तो उकळून जात नाही.

संध्याकाळी काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणावर तीन ठिकाणी एकेक थेंब ठेवला: नळाचे पाणी, आरओ यंत्राचे पिण्याचे पाणी, आणि त्याच यंत्राच्या बारीक नळीतून बाहेर टाकले जाणारे पाणी. थेंब अंदाजे ०.०५ मिलिलिटरचा धरला तर नळाच्या एका थेंबात फक्त ०.०२ मिलिग्रॅम क्षार असतो. तरीही वाळल्यावर त्याची कडी स्पष्ट दिसली, कारण थेंब वाळताना आतला ऐवज कडेकडे ओढला जातो आणि सगळा क्षार एका रेघेत गोळा होतो. पिण्याच्या पाण्याचा थेंब जवळपास माग न ठेवता गेला. टाकाऊ पाण्याची कडी सर्वांत ठळक होती.

१ फेब्रुवारी २०२५

आज घासणे काहीच केले नाही, फक्त हिशेब केला. हा हिशेब आधी केला नाही तर "लिंबू लावले, गेले नाही" अशी तक्रार होते, आणि त्यात दोष लिंबाचा नसून मात्रेचा असतो.

एक ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट पूर्ण विरघळवायला सुमारे १.२ ग्रॅम ॲसिटिक ॲसिड लागते. बाजारातील साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ते सुमारे ४ टक्के असते, म्हणजे एक ग्रॅम थराला ३० मिलिलिटर व्हिनेगर खर्ची पडते. सायट्रिक ॲसिड, जे वाण्याकडे लिंबूसत्त्व किंवा लिंबूफूल म्हणून मिळते, ते याच कामाला सुमारे १.३ ग्रॅम लागते. ताज्या लिंबाच्या रसात सायट्रिक ॲसिड साधारण ५ ते ६ टक्के असल्यामुळे एका ग्रॅमला वीस-पंचवीस मिलिलिटर रस, म्हणजे आपली कागदी लिंबे असतील तर दोन धरावीत. पेल्यावरच्या पुसट डागाला अर्धी फोड पुरते. किटलीच्या तळाशी महिनाभराचा थर असेल तर लिंबे पिळत बसणे परवडणारे नाही, त्यातून उन्हाळा तोंडावर आला की लिंबाचा भाव कुठे जातो ते सर्वांना ठाऊक आहे.

त्याच ओघात एका लोकप्रिय उपायाचीही विल्हेवाट लावतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून डागावर ओतला की भरपूर फेस येतो आणि काहीतरी घडत असल्याचा आभास होतो. घडते एवढेच की आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि उरलेले पाणी क्षाराच्या थराला जवळजवळ काहीच करत नाही. सोडा वेगळा वापरावा, तो तेलकटपणावर आणि करपलेल्यावर उपयोगी आहे. आम्ल वेगळे वापरावे. दोघांची गाठ घालू नये. आणि क्लोरीनयुक्त ब्लीच तर कोणत्याही आम्लाजवळ आणू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. आमच्या सिंकखाली दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. ब्लीचची बाटली आज न्हाणीघरात हलवली.

२ फेब्रुवारी २०२५

किटली. दीड लिटरची, आतून स्टीलची. रोज दोन लिटर पाणी उकळते आणि त्यातला तात्पुरता कठीणपणा लिटरला तीनशे मिलिग्रॅम आहे असे मानले, तर सगळाच्या सगळा क्षार तळाशी चिकटल्यास महिन्याला १८ ग्रॅम होतील. प्रत्यक्षात बराच भाग पाण्याबरोबर कपात जातो (चहावर येणारी ती तेलकट वाटणारी साय यातूनच येते), तरी तळाशी दिसणारा पापुद्रा पाहता काही ग्रॅम नक्की असावा.

एक लिटर पाणी कोमट केले, उकळले नाही, आणि त्यात मोठे दोन चमचे, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, लिंबूसत्त्व घातले. लगेच बारीक बुडबुडे सुटले. अर्ध्या तासाने ते थांबले. तळाचा बहुतेक भाग मोकळा झाला होता आणि पाण्यात पांढरी गढूळ भुकटी तरंगत होती.

ही भुकटी म्हणजे कॅल्शियम सायट्रेट. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, लिटरला जेमतेम एक ग्रॅम, आणि पाणी जितके गरम तितके कमी. म्हणून लिंबूसत्त्व घालून किटली खळखळून उकळणे हा सर्वत्र सांगितला जाणारा सल्ला मला पटत नाही. आम्ल पुरेसे जास्त आणि पाणी कोमट ठेवले तर भुकटी कमी बसते आणि बसली तरी मऊ असते, स्पंजने निघते. फारच जाड थर असेल तर व्हिनेगर अधिक सरळ काम करते, कारण कॅल्शियम ॲसिटेट पाण्यात चांगले विरघळते. वास मात्र दिवसभर घरात राहतो, आणि आईला तो अजिबात सहन होत नाही, त्यामुळे आमच्याकडे लिंबूसत्त्वच कायम झाले.

द्राव ओतून दिला, आतून मऊ स्पंज फिरवला, दोनदा विसळले, एकदा साधे पाणी उकळून तेही ओतून दिले. तोटीच्या जाळीत अडकलेले कण जुन्या दात घासायच्या ब्रशने निघाले. तारेची घासणी आत घालायची नाही, हे घरात सर्वांना सांगून ठेवले: तिचे ओरखडे राहतात, आणि पुढचा थर त्या ओरखड्यांत अधिक घट्ट धरतो.

९ फेब्रुवारी २०२५

काचेचे पेले. रोजच्या धुण्यानंतर एका पेल्यावर अर्धा मिलिलिटर पाणी राहिले तर वाळून दररोज सुमारे ०.२ मिलिग्रॅम क्षार चढतो. आकडा क्षुल्लक, पण पुसला नाही तर तो साठतच जातो.

पसरट घमेल्यात पाणी घेऊन लिटरला एक मोठा चमचा लिंबूसत्त्व विरघळवले आणि पेले आडवे बुडवून पंधरा-वीस मिनिटे ठेवले. बाहेर काढल्यावर निम्म्याहून अधिक पेले नव्यासारखे दिसू लागले. काहींवर कडेला पातळ धुके राहिले. ते ओले असताना दिसत नव्हते आणि वाळल्यावर पुन्हा दिसू लागले, हीच त्यांची ओळख आहे. अशा पेल्यांवर ताजे व्हिनेगर लावून पाहिले, पुन्हा फरक पडला नाही, म्हणजे हा कार्बोनेट नाही. एक तर सिलिकेचा थर असावा, बेसॉल्टमधून येणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली असतेच. किंवा काच स्वतःच खाल्ली गेली असावी. ओल्या बोटावर दंतमंजन घेऊन हलके चोळले असता दोन पेल्यांवरचे धुके थोडे कमी झाले, तिथे थर होता. बाकीच्यांवर नखाने खरबडीतपणा जाणवत नाही आणि उजेडात तिरके धरले की इंद्रधनुषी झाक दिसते. तिथे काच झिजली आहे असेच मानतो. ते पेले रोजच्या वापरातच राहतील, पाहुण्यांसाठी निघणार नाहीत.

१६ फेब्रुवारी २०२५

स्टीलची ताटे, वाट्या, डबे आणि सिंक.

या कामात क्रम सर्वांत महत्त्वाचा ठरला. सिंकच्या भिंतीवर जो करडा, किंचित चिकट थर असतो तो निव्वळ क्षाराचा नसून त्यात साबणाचा चोथा आणि फोडणीच्या तेलाचे अंश मिसळलेले असतात, आणि तेलाखाली दडलेल्या क्षारापर्यंत आम्ल पोहोचतच नाही. म्हणून आधी भांड्यांच्या द्रव साबणाने आणि गरम पाण्याने सिंक घासून स्वच्छ विसळले, कोरडे केले, आणि मग लिंबूसत्त्वाचा द्राव फवारून दहा मिनिटे राहू दिला. आधी आम्ल लावून नंतर साबण लावलेला कोपरा मुद्दाम तुलनेसाठी ठेवला होता. तिथे पट्टे राहिले.

स्टीलला लिंबूसत्त्वाने धोका नाही. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा जो पातळ थर असतो त्यामुळेच त्याला चमक आणि न गंजण्याचा गुण मिळतो, आणि सायट्रिक ॲसिड त्या थराला धक्का लावत नाही. धोका आहे तो शौचकूप साफ करायच्या द्रवाचा. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असते, ते डाग क्षणात काढते हे खरे, पण क्लोराइडमुळे स्टीलला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते खड्डे कायमचे राहतात. सिंकसाठी तो द्रव वापरण्याची सूचना मला एकाहून अधिक जाणत्या माणसांनी केली आहे, नम्रपणे नाकारली.

मावशींशी सविस्तर बोलणे झाले. त्या घासणीसाठी काथ्या आणि हिरवा स्क्रबर दोन्ही वापरतात. मी विचारले, "मावशी, शेवटचं विसळणं वाहत्या पाण्यात करता की टबात?" पाण्याच्या टंचाईमुळे टबात, असे उत्तर आले, आणि उन्हाळ्यात दुसरा मार्गही नाही. टबातील पाण्यात साबणाचा अंश वाढत जातो आणि ताटांवर मळकट पांढरी झाक येते ती त्याची. यावर त्यांनीच तोडगा सुचवला: ताटे रोळीत न टाकता लगेच पंच्याने पुसून ठेवायची, वाट्या आणि पेले तेवढे शेवटी वेगळ्या भांड्यातील पाण्यात बुडवायचे. त्यांच्या कामात यामुळे वेळ वाढतो, तेव्हा महिन्याच्या पैशात तसा फरक करण्याचे ठरले. दोन जुने सुती पंचे त्यासाठी ठेवले. नवा पंचा पाणी शोषत नाही, चार धुण्यांनंतरच कामाचा होतो.

२२ फेब्रुवारी २०२५

नळ. तोंडाची जाळी फिरवून काढली आणि वाटीभर द्रावात टाकली. सुटलेल्या कणांत क्षाराबरोबर टाकीतील वाळूही होती. नळाच्या मुळाशी असलेल्या कड्यावर द्रावात भिजवलेले फडके गुंडाळून रबर लावला. क्रोमचा मुलामा पातळ असतो, त्यामुळे वीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवले नाही. जिथे मुलामा आधीच उडून खालचे पितळ दिसते तिथे फडके लागू दिले नाही. धार पुन्हा सरळ पडू लागली.

८ मार्च २०२५

प्रेशर कुकर. हा ॲल्युमिनियमचा असल्यामुळे इथे नियम वेगळे आहेत.

आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीपर्यंत काळपट पट्टा आणि त्यावर पांढरे ठिपके असतात. काळा पट्टा म्हणजे जळणे नव्हे. कुकरच्या तळाशी घातलेले आमचे पाणी उकळले की बायकार्बोनेट मोडते, कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर जातो आणि उरलेले पाणी अल्कधर्मी होते. ते गरम अल्कधर्मी पाणी ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर काळसर थर आणते. आई वरण-भाताचा कुकर लावताना तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल किंवा चिंचेचे बुटुक टाकते, "कुकर काळा पडत नाही" एवढेच कारण ती सांगते. त्यामागे रसायन आहे ते हेच: तेवढ्याशा आम्लाने पाणी अल्कधर्मी होत नाही, त्यामुळे काळा पट्टाही येत नाही आणि क्षारही फारसा बसत नाही. गेले काही महिने साली टाकायचे राहून गेले होते, कारण त्या लोणच्याच्या बरणीत जात होत्या.

पट्टा काढण्यासाठी कुकरमध्ये पट्ट्याच्या वर येईल एवढे पाणी घेऊन त्यात चार लिंबांच्या साली टाकल्या आणि झाकण न लावता पंधरा मिनिटे उकळू दिले. भिंत पुन्हा चंदेरी झाली. हे वारंवार करू नये, कारण प्रत्येक वेळी धातूचा अतिशय पातळ थर त्याबरोबर जातो. साल टाकण्याची सवय परत आणणे अधिक शहाणपणाचे. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला लावूच नये, तो धातू खातो. काळ्या-करड्या हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यांना तर आम्लही भिजवत ठेवू नये.

झाकणाचे काम जास्त जपून केले. शिट्टी बसते त्या नळीत क्षार आणि भाताची पेज मिळून बूच तयार होऊ शकते. नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहिले, बारीक काडीने साफ केली, वाहत्या पाण्यात धुतली. रबरी रिंगेला आम्ल लावले नाही, साबणाने धुऊन सावलीत वाळवली. डाग राहिला तरी चालेल, नळी मोकळी पाहिजे.

२९ मार्च २०२५

उद्या पाडवा, त्यामुळे गुढीचा तांब्या, आणि त्याच्याबरोबर पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडाही काढला.

दोन्हीवर दोन वेगळे थर आहेत. बाहेरचा काळपट-तपकिरी म्हणजे तांब्याचे ऑक्साइड, कुठे कुठे हिरवी झाक म्हणजे त्याचे कार्बोनेट. आतला पांढरा, पाण्याच्या रेषेपर्यंतचा, हा पाण्यातला क्षार. आईची चिंच-मिठाची जोडी बाहेरच्या थरावर अप्रतिम चालली, हात फिरवताच गुलाबी धातू वर आला. आतल्या पांढऱ्या थरावर मात्र तिने फारसे केले नाही. चिंचेत टार्टरिक ॲसिड असते आणि कॅल्शियम टार्टरेट पाण्यात कमी विरघळते, त्यामुळे थर सुटण्याऐवजी त्यावर दुसरे पांढरे कवच येते. आत लिंबूसत्त्वाचा सौम्य द्राव दहा मिनिटे ठेवून मऊ फडक्याने पुसले, तेवढ्याने काम झाले. नंतर आम्लाचा अंश न राहील इतके पाणी फिरवले. आंबट पदार्थ तांब्यात ठेवत नाहीत तो नियम इथेही लागू आहे.

माळ्यावर आजीची कल्हईची दोन पातेली आहेत. त्यांना हात लावला नाही. कल्हईचा कथील थर मऊ असतो, त्याला ना घासणी सोसते ना आम्लाचे भिजवणे. कल्हईवाला आता दारावर येत नाही, तेव्हा आहे ती कल्हई टिकवणे हाच मार्ग.

६ एप्रिल २०२५

ड्राय बाल्कनीत भांडी घासली जातात, तिथली फरशी कोट्याची आहे आणि बसायच्या उंचीचा कट्टा कडाप्प्याचा. दोन्हीवर पांढऱ्या पट्ट्यांचे थर आहेत आणि ते सगळ्यात जास्त डोळ्यांत भरतात. परंतु इथे वरील सर्व नोंदी बाजूला ठेवाव्या लागतात. राजस्थानचा कोटा, कर्नाटकातील शहाबाद आणि आंध्रातील कडाप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. ज्या द्रव्याचा डाग त्याच द्रव्याचा दगड. डाग विरघळवणारे आम्ल दगडही तितक्याच आनंदाने विरघळवते. कट्ट्याखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात एक थेंब ठेवून पाहिला: बुडबुडे आले, आणि पुसल्यावर पॉलिश गेलेला फिकट गोल राहिला. संगमरवरी देवघराबाबतही हेच समजावे. आतला मुख्य ओटा ग्रॅनाइटचा आहे, त्याला लिंबाचे भय नाही.

त्यामुळे फरशीवर केवळ यांत्रिक उपाय केला. गरम पाणी आणि साबण यांनी चिकटपणा काढला, थर ओला असतानाच प्लॅस्टिकच्या खरवडणीने वरवरचे खपले काढले, आणि जे उरले ते राहू दिले. कट्ट्यावर काम झाल्यावर रबरी पट्टीने पाणी ओढून टाकायचे ठरले. जुना थर त्याने जाणार नाही, नवा बसण्याचे प्रमाण मात्र उतरेल.

२० एप्रिल २०२५

उन्हाने बोअरची पातळी खाली गेली आहे आणि टँकर वाढले आहेत. कठीणपणा पुन्हा मोजला, तो पाचशेच्या थोडा वर आला. जानेवारीच्या तुलनेत वाढ अपेक्षित होती: खोलवरचे पाणी खडकात अधिक काळ राहिलेले असते.

आरओच्या टाकाऊ पाण्याचा प्रश्न आज निकाली काढला. पाणी वाचवण्यासाठी ते बादलीत धरून भांड्यांच्या टबात ओतण्याची पद्धत आमच्याकडे आहे, बऱ्याच घरांत असते, आणि हेतू चांगला आहे. परंतु यंत्र शंभरातले पंचवीस भाग शुद्ध पाणी देत असेल तर क्षार जवळजवळ सगळे उरलेल्या पंचाहत्तर भागांत कोंबले जातात, म्हणजे टाकाऊ पाण्याचा कठीणपणा मूळच्या सुमारे सव्वा ते दीड पट होतो. मोजमापही या अंदाजाच्या जवळपासच आले. भांडी घासण्याच्या पहिल्या फेरीला, जेव्हा खरकटे काढायचे असते, ते चालेल. शेवटच्या विसळण्याला अजिबात नाही. सध्या ती बादली शौचालयात फ्लशसाठी जाते. फरशी पुसायला वापरली तर गडद टाइल्सवर धुके येते, आणि कुंड्यांना रोज घातली तर मातीत क्षार साठतो.

उलट बाजूने, पिण्याचे शुद्ध पाणी एका मोठ्या पातेल्यात दीड-दोन लिटर घेऊन त्यात पेले शेवटचे बुडवून काढले तर ते पुसलेही नाहीत तरी स्वच्छ वाळतात. टंचाईच्या दिवसांत पिण्याचे पाणी पेल्यांना वापरणे कानाला बरे वाटत नाही, त्यामुळे हे फक्त काचेपुरते, आणि तेच पाणी नंतर पहिल्या फेरीला वापरायचे.

११ मे २०२५

गृहसंस्थेच्या बैठकीत टाकीवर सॉफ्टनर बसवण्याचा विषय निघाला. त्यातील राळेचे मणी पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा कामाला लागतात. गंमत अशी की पूर्वी याच कामासाठी झिओलाइट या जातीची द्रव्ये वापरली जात, आणि त्याच जातीचे स्फटिक आमच्या पायाखालच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडतात. त्यांच्याबरोबरच वाघोलीच्या खाणींत सापडणारा निळा कॅव्हन्साइट (तो स्वतः झिओलाइट नव्हे) तर जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. मात्र खडकातील झिओलाइटांनी आमच्या बोअरचे पाणी काही मऊ झालेले नाही.

बैठकीत तीन गोष्टी स्पष्ट करून सांगाव्या लागल्या. सॉफ्टनरने टीडीएस कमी होत नाही, त्यामुळे मीटर जवळजवळ तोच आकडा दाखवील आणि लोक यंत्र बिघडले असे म्हणतील. वाळल्यावर थोडा डाग तरीही राहतो, पण तो सोडियमच्या क्षाराचा, पाण्याने पुसताच जाणारा. आणि राळ धुतल्यावर निघणारे खारट पाणी सोसायटीच्या बागेत सोडता येणार नाही, त्याची वाट आधी ठरवावी लागेल. तिसऱ्या मुद्द्यावर चर्चा अडली आणि विषय पुढच्या सभेवर गेला. माझ्या मते खर्चाचा आकडा येण्यापूर्वी तोच सोडवायला हवा.

तोपर्यंत घरात चालू असलेली व्यवस्था अशी: किटली दर पंधरवड्याला लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावाने, नळाची जाळी महिन्यातून एकदा, सिंक आठवड्याला आधी साबण मग आम्ल या क्रमाने, कुकरमध्ये लिंबाची साल, आणि ताटांना पंचा. द्राव एका बाटलीत करून ठेवला आहे आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत "आम्ल – कोटा व कडाप्प्यावर नको" असे लिहिले आहे, कारण बाल्कनीत सर्वांत जवळ हाताला येते ती हीच बाटली. जूनच्या अखेरीस, पावसाचे पाणी बोअरमध्ये उतरू लागल्यावर, कठीणपणा पुन्हा मोजायचा आणि किटलीचा पंधरवडा महिन्यावर नेता येतो का ते पाहायचे.